हद्द कुणाची, ते पोलिसांनी बघावं
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील बोलणे)

मैत्रिणींनो, सासरी मार खाऊन बाई माहेरी येते. भाऊ तिला जवळच्या ठाण्यात नेतो आणि तिथं ऐकावं लागतं, "हे आमच्या हद्दीत नाही, तिकडं जा." तिकडं म्हणजे जिथून ती जीव वाचवून आली तिथंच!

असं परत फिरायचं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठंही घडलेला असो. याला झिरो एफआयआर म्हणतात. पुढं तो योग्य ठाण्याकडं पाठवणं हे पोलिसांचं काम. सासरचा छळ दखलपात्र आहे. खबर तिनं स्वतः द्यावी, नाहीतर आईबाप, भावानं.

लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. ते लिहून घेतील, वाचून दाखवतील, मगच सही-अंगठा. कर्जाच्या कागदावर आपण न ऐकता अंगठा देतो का? तसंच इथं. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नोंदच घेतली नाही, तर तीच हकिकत लिहून पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा. पावती जपा.

राहिला वकिलाचा खर्च. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानं बाईला तिथं मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. पिवळं रेशनकार्ड नाही म्हणून घरी बसू नका.

फोन १५१००. आजच गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा.