घरातील कुत्रा, पिंजऱ्यातील पोपट आणि आपली शाळा

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



पटनोंदणी, उपस्थिती व वाचनाची प्रगती यांविषयी सकाळपासून पुष्कळ बोलणे झाले आहे. मला नेमून दिलेला विषय 'परिसर अभ्यासातून मूल्यशिक्षण' हा होय. तो फार मोठा असल्यामुळे त्याचा एक लहानसा कोपरा मी निवडला आहे. ज्या घरी लहान कुत्रा आहे आणि पोपटही आहे, त्या घरच्या मुलास आपण काय शिकवावे, एवढेच मी आज बोलणार आहे.

गेल्या महिन्यात एका शाळाभेटीत मी चौथीच्या वर्गात बसलो होतो. पाळीव प्राण्यांचा पाठ चालू होता. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्याकडे लव्हबर्डची जोडी आहे. आता बाबांनी कुत्र्याचं पिल्लू आणलंय. ते त्यांना खाईल का?" वर्ग हसला. "नंतर विचार," असे म्हणून गुरुजींनी पाठ पुढे नेला. यात मी त्यांस दोष देत नाही. घटक पुरा करण्याची घाई आपणा सर्वांनाच असते. मात्र मधल्या सुट्टीत मी त्या मुलास मुद्दाम जवळ बोलाविले. त्याचे कारण सांगतो.

सुमारे १९८० साली मी स्वतः चौथीत होतो. आमच्या घरी पिंजऱ्यात एक राघू होता आणि ओसरीवर मोती नावाचा लहानसा कुत्रा होता. राघू माझ्या आईच्या आवाजात "मोती, ये" अशी हाक मारी, मोती धावत येई, आणि घरातील मंडळी पोट धरून हसत. दोघांची मैत्री आहे, असा आमचा पक्का समज होता. एके दिवशी पिंजरा धुऊन झाल्यावर कडी लावावयास मी विसरलो. राघू शेंगदाण्यासाठी जमिनीवर उतरला, आणि मोतीने खेळता खेळता त्याचा पंख तोंडात धरला. आई ओरडताच त्याने सोडून दिले. जखम नखाएवढी होती. आम्ही हळद लावली आणि निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी सकाळी राघू पिंजऱ्याच्या तळाशी मरून पडलेला आढळला. मोतीला फार मार बसला. कडी मी उघडी ठेवली, हे मी कोणासही सांगितले नाही.

पुढे शिक्षक झाल्यावर वाचनातून कळले, की कुत्र्याच्या व मांजराच्या लाळेत असे जंतू असतात, की त्यांचा एवढासा दात लागला तरी पक्षी दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. अशा वेळी हळदीचा उपयोग नाही. त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे लागते. मोतीचा स्वभाव कुत्र्याचा होता व राघूचा पक्ष्याचा. दोघांनीही आपापल्या स्वभावाप्रमाणेच वर्तन केले. चुकला तो माणूस. आम्ही माया पुष्कळ केली, परंतु त्या मायेस ज्ञानाची जोड नव्हती.

त्या मुलास मी जे सांगितले, तेच आपणांसही सांगतो. बाजारात 'लव्हबर्ड' म्हणून मिळणारे लहान रंगीत पक्षी बहुधा बजरीगर असतात. ते मूळचे ऑस्ट्रेलियातील असून पोपटाच्याच कुळातील आहेत. त्यांचा पिंजरा कुत्र्याची उडी पोहोचणार नाही अशा उंचीवर भक्कम टांगावा आणि कडी दोनदा तपासावी. पिल्लास प्रथम साखळी लावून दुरून पक्षी दाखवावेत. ते शांत बसले की शाबासकी व खाऊ द्यावा. याप्रमाणे काही आठवडे जाऊ द्यावेत. तरीही मोठे माणूस जवळ नसताना दोघांना एका खोलीत मोकळे सोडू नये. दहा वर्षांची मैत्री असली तरीही हा नियम मोडू नये.

पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. धूर तर वाईटच. परंतु न चिकटणारा लेप दिलेला तवा फार तापला, तर त्याच्या वाफेनेही पक्षी मरतात. पक्ष्यांस रात्री दहा-बारा तास निवांत झोप लागते. तेथे कुत्र्याचे भुंकणे व दूरदर्शनचा आवाज नसावा. वाळलेली विष्ठा झाडू नये. पाणी शिंपडून पुसावी व हात धुवावेत, कारण तिच्या धुळीतून माणसास फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. चॉकलेट दोघांसही विषारी आहे. कांदा व द्राक्षे कुत्र्यास देऊ नयेत. मिरची मात्र पोपट आनंदाने खातो, कारण तिचा तिखटपणा पक्ष्यांस जाणवत नाही. हे सांगितल्यावर तो मुलगा प्रथमच हसला.

कुत्र्यास तीन महिन्यांचा झाल्यावर आणि पुढे प्रतिवर्षी पिसाळरोगाची लस टोचून घ्यावी. कोणताही कुत्रा चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि तडक आरोग्य केंद्र गाठावे. चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. म्हणून हे प्रत्येक मुलास ठाऊक असलेच पाहिजे.

आता थोडे कायद्याविषयी. आमच्या राघूसारखा गळ्याशी गुलाबी कंठ असलेला आपल्याकडील हिरवा पोपट वन्य पक्षी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास संरक्षण दिलेले आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्याची गणना दुसऱ्या अनुसूचीत झाली. तो पकडणे, विकणे वा घरी बाळगणे हा अपराध होय. एखाद्या मुलाच्या घरी असा पोपट असल्याचे कळले, तर त्यास वर्गात लाजवू नये. पालकांस भेटून समजावून सांगावे. अनेक वर्षे पिंजऱ्यात राहिलेला पोपट एकदम आकाशात सोडणेही योग्य नव्हे. त्यास अन्न शोधता येत नाही व शत्रू ओळखता येत नाही. त्यास वनविभागाच्या स्वाधीन करणे हाच मार्ग आहे.

शेवटी आपल्या व्यवसायाची एक गोष्ट. अर्थ न कळता केलेल्या घोकंपट्टीस आपण पोपटपंची म्हणतो. यात पोपटावर थोडा अन्यायच होतो. अमेरिकेत डॉ. आयरीन पेपरबर्ग यांनी अ‍ॅलेक्स नावाच्या आफ्रिकी करड्या पोपटास रंग, आकार व लहान संख्या ओळखून सांगावयास शिकविले होते. तो २००७ साली मरण पावला. पोपटास वस्तू दाखवून, विचारून, धीराने शिकविले तर तो समजून बोलतो. मग आपल्या मुलांकडून 'प्राणिमात्रांवर दया करा' हे वाक्य आपण केवळ पाठ का करवून घ्यावे?

माझी सूचना साधी आहे. ज्यांच्या घरी प्राणी-पक्षी आहेत, त्या मुलांना आठवडाभर वही ठेवावयास सांगा. पाणी कोणी बदलले, पक्षी कधी झोपला, पिल्लू केव्हा भुंकले, एवढेच लिहावे. ज्यांच्या घरी नाहीत, त्यांनी शाळेच्या आवारातील चिमण्या, साळुंक्या व झाडावरील मोकळे पोपट पाहावेत. शनिवारी वह्या वर्गात वाचून घ्याव्यात. वाचन, लेखन व निरीक्षण ही तिन्ही त्यात साधतील. आणि एखादे मूल मध्येच प्रश्न विचारील, तेव्हा घटक दोन मिनिटे थांबला तरी चालेल.

त्या शाळेत मी गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो होतो. त्या मुलाने आपण होऊन वही दाखविली. तीत एका दिवसाची नोंद अशी होती : "आज कडी लावायची राहिली होती. मीच विसरलो होतो. आईला सांगितलं." ते वाचून मला फार बरे वाटले. जे मला त्या वयात जमले नाही, ते त्यास जमले.