सोडलेल्या जागा

ख्रिस्ती माणूस राजकारणात आला की त्याच्या निष्ठेची चौकशी आधी होते, कामाची नंतर. माझगावच्या काका बॅप्टिस्टांच्या वाट्याला ती फारशी आली नसावी. टिळकांचे हे कॅथलिक सहकारी १९१६ साली होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, पुढे मुंबईचे महापौरही. पण आज मला एका निर्णयाविषयी बोलायचं आहे.

१९३२च्या जातीय निवाड्याने भारतीय ख्रिश्चनांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. एस. के. दत्तांसारख्या ख्रिस्ती नेत्यांना ते नकोच होते. गोलमेज परिषदेत त्यांनी तसं सांगितलंही होतं. १९४७मध्ये संविधान सभेने स्वतंत्र मतदारसंघ मोडीत काढले आणि अल्पसंख्याकांना दहा वर्षं राखीव जागा देऊ केल्या. त्याही नकोत, असा ठराव मे १९४९मध्ये सल्लागार समितीत मांडला तो हरेंद्रकुमार मुखर्जींनी. मुखर्जी बंगाली ख्रिश्चन, इंग्रजीचे प्राध्यापक, संविधान सभेचे उपाध्यक्ष. सभेत ठरावाला पाठिंबा देणाऱ्यांत जेरोम डिसोझा हे जेझुइट धर्मगुरूही होते. अँग्लो-इंडियन समाजाने मात्र लोकसभेतल्या आपल्या दोन नामनियुक्त जागा राखल्या, त्या २०२०पर्यंत चालल्या. त्यांचे नेते फ्रँक अँथनी पक्के वकील होते!

या ठरावामागे श्रद्धा होती, असं मी मानतो. आपल्यापुरतं मागायचं नाही, शेजाऱ्याच्या भरवशावर राहायचं, ही शिकवण रविवारच्या प्रवचनातून विधिमंडळात क्वचितच पोचते. तिथे ती पोचली. या मंडळींनी आग्रह धरला तो धर्म पाळण्याच्या आणि त्याचा प्रसार करण्याच्या हक्काचा, आणि तो पंचविसाव्या कलमात आला.

इथवर सगळं छान. आता श्रीरामपूरला चला.

या तालुक्यात हरेगाव आहे. सप्टेंबरात तिथे मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा भरते. अहिल्यानगर जिल्ह्यातूनच नव्हे, दूरदूरहून माणसं येतात. यातल्या पुष्कळांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. मिशनच्या शाळेत शिकले, बाप्तिस्मा घेतला. वस्ती मात्र तिथेच राहिली. श्रीरामपूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पण या यात्रेकरूंपैकी कोणी दलित ख्रिस्ती तिथून अर्ज भरू पाहील, तर ख्रिस्ती म्हणून त्याला तो भरता येणार नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ साली मिळाला, बौद्धांना १९९० साली, ख्रिश्चनांना अजून नाही. त्याच आळीतला बौद्ध चुलतभाऊ उभा राहू शकतो. मग काही घरांत दाखल्यावर एक धर्म असतो आणि देवघरात दुसरा. त्यांना ढोंगी म्हणणं सोपं आहे. त्यांच्या जागी उभं राहून पाहावं.

मुखर्जींच्या ठरावाने हे घडवलं नाही; अनुसूचित जातींच्या जागा त्यांनी वगळल्याच होत्या. तरीही माझं एक म्हणणं आहे. पुढारी शिकलेले होते, राखीव जागेवाचून त्यांचं अडणार नव्हतं. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसवल्या जाणाऱ्या माणसाचं अडणार होतं, आणि ख्रिस्ती समाजाचा आवाज म्हणून त्याला कोणी पुढे केलं नव्हतं. चर्चमध्ये जात नाही, हे म्हणणं सरकारलाही सोयीचं आणि बिशपांनाही. कबरस्तानात वेगळी रांग असते तेव्हा मात्र कोणीच बोलत नाही.

१९५०च्या आदेशाविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात २००४पासून चालू आहेत. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोगही नेमला गेला. न्यायालय काय ठरवेल ते ठरवेल. आपल्या पॅरिश कौन्सिलवर मागच्या बाकावरचे किती जण आहेत, हे मोजायला कोणत्याही आयोगाची गरज नाही.