सातबारा इथला, पोर परप्रांतीय

(सातारा-सांगली जिल्हा बैठकीतील भाषण)



एरवी आपण शेतमालाच्या भावाचं बोलतो. आज पोरांच्या दाखल्याचं बोलायचं आहे.

खानापूर-आटपाडीची माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी पार केरळ-तमिळनाडूपर्यंत पांगली. हौसेनं नाही, ज्वारीच्या रानात भागेना म्हणून. घर, रान, मतदान इथंच. पोरं मात्र तिकडच्या शाळेत. जतच्या सीमेवरचं पोरही जवळ पडतं म्हणून अथणी-विजापूरला बारावी करतं.

पुढं त्याला डॉक्टर व्हायचं असतं. नीट परीक्षा साऱ्या देशाला एकच. पण सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय, ८५ टक्के राज्याच्या. राज्याच्या जागेला अधिवासाचा दाखला लागतोच; शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पास झालेली लागते. तहसीलदाराचा दाखला हातात, सातबारा बापाच्या नावावर, तरी मिरजेच्या नाहीतर साताऱ्याच्या सरकारी कॉलेजात राज्याच्या जागेसाठी हे पोर परकं. अभिमत विद्यापीठाला ही अट नाही, पण तिथली फी कोरडवाहू रानातून निघत नाही.

नियमाचा हेतू आम्ही नाकारत नाही. राज्याच्या पैशानं शिकलेला डॉक्टर राज्यात राहावा, हे रास्तच आहे. १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भारतात अधिवास एकच, तो भारताचा. तरीही एमबीबीएसला रहिवाशांचं प्राधान्य मर्यादेत मान्य केलं. जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर प्रवेशातलं असं आरक्षण रद्द झालं, एमबीबीएसचं टिकलं.

आमचा सवाल वेगळा आहे. केंद्राच्या नोकरांच्या आणि सैनिकांच्या मुलांना अटींसह सूट आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मुलांनाही आहे. ती असावीच. पण बदलीनं गेलेल्याला सूट आणि दुष्काळानं गेलेल्याला नाही, हा कुठला न्याय?

नियम काही दगडावरची रेघ नाही. विभागवार ७०:३० चा कोटा सरकारनं २०२० साली मोडलाच. मग आईबापाचा सातबारा आणि मतदार यादीतलं नाव पाहून पोटासाठी बाहेर गेलेल्यांच्या पोरांनाही सूट द्या, ही आपली मागणी.

तोवर सावध राहा. पोराला बाहेर दहावी-बारावीला बसवण्याआधी त्या वर्षीची प्रवेशाची माहितीपुस्तिका वाचा. गावी गेलात की गलाईवाल्या भावकीला फोन करून हे सांगा. फॉर्म भरल्यावर कळून उपयोग नाही.