बेळगावात वाट शोधताना

निपाणीहून किंवा कोल्हापूरहून बेळगाव पाहायला निघालात, तर एक गोष्ट मनात पक्की करा. या शहराची मुख्य खूण म्हणजे रेल्वेचा रूळ. रुळाच्या एका बाजूला किल्ला, मध्यवर्ती बसस्थानक, खडेबाजार, गणपत गल्ली आणि कॅम्प. दुसऱ्या बाजूला टिळकवाडी, शहापूर, वडगाव. ही विभागणी रेल्वेहूनही जुनी आहे. बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात होतं… शहापूर मात्र सांगली संस्थानात. दोन गावं, दोन कारभार. म्हणून शहापूरची पेठ वेगळी, तिथला साड्यांचा व्यापारही वेगळा. आपण रुळाच्या कोणत्या बाजूला आहोत, एवढं कळलं की अर्धी वाट सापडते.

कुणी विचारेल, मोबाइलवर नकाशा असताना हे कशाला? नकाशा उपयोगी आहे, हे मान्य. पण जुन्या बाजारातल्या गल्ल्या अरुंद आहेत. गर्दीच्या वेळी तिथं गाडी अडकते. तिथं पायी चालावं… आणि दुकानदाराला विचारावं. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, उत्तर मिळतं. टिळकवाडीत तर पत्ता सांगताना रेल्वे फाटकांवरून पहिलं गेट, दुसरं गेट असंच सांगतात. म्हणजे पुन्हा रूळच!

एकच दिवस हाती असेल, तर बसस्थानकाजवळच्या किल्ल्यात आधी जा. तिथली कमल बस्ती हे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचं जैन मंदिर. ते सावकाश पाहा. मग बाजारातून कपिलेश्वर मंदिराकडे या. तिथल्या उड्डाणपुलावरून रूळ ओलांडला की शहापूरकडे जाता येतं. टिळकवाडीतली काँग्रेस विहीरही चुकवू नका. महात्मा गांधी अध्यक्ष असलेलं काँग्रेसचं एकमेव अधिवेशन १९२४ साली इथंच भरलं होतं.