रोप पिवळं पडलं, तर आधी कुठं बघायचं?

आमच्या गटाच्या शेडनेटमध्ये आम्ही मिरची, टोमॅटो, वांगी आणि कोबीची रोपं तयार करतो. आज बोलायचंय ते कोकोपीटच्या ट्रेमधल्या पिवळ्या रोपांबद्दल. हल्ली गावोगावच्या गटांनी रोपवाटिका सुरू केल्यात, आणि भेटेल ती बाई हाच प्रश्न विचारते, "ताई, रोपं पिवळी पडलीत, काय मारू?"

काय मारू, हा प्रश्न नंतरचा. पण घाई का होते, ते आम्हांलाही ठाऊक आहे. टोमॅटोचं रोप २१ ते २५ दिवसांत द्यायचं असतं, मिरचीचं ३५ ते ४० दिवसांत. शेतकऱ्यानं बेड पाडलेले असतात, ड्रिप अंथरलेलं असतं, आपल्याला उचल दिलेली असते. पिवळा ट्रे तो नेत नाही, आणि गटाचे पैसे तिथंच अडकतात. मग दुकानदार देईल ती बाटली आपण आणतो.

आधी कोकोपीट म्हणजे काय ते समजून घेऊ. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर जो भुसा उरतो, तो दाबून त्याची वीट करतात. पाणी धरतो, हवा खेळती ठेवतो, मुळी छान चालते. पण त्यात रोपाला खायला जवळजवळ काहीच नसतं. जमिनीत आपलं खत चुकलं तरी माती थोडंफार सांभाळून घेते. इथं सांभाळणारं कोणी नाही. शिवाय सोडणात मूळचं मीठ असतं, म्हणजे सोडियम आणि पोटॅशचे क्षार. काही ठिकाणी सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवतात, मग ते आणखी वाढतात.

आता गंमत ऐका. कोकोपीटच्या कणांवर जागा असतात, एसटीतल्या सीटांसारख्या. न धुतलेल्या विटेत त्या सीटांवर सोडियम आणि पोटॅश आधीच रुमाल टाकून बसलेले असतात. आपण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दिलं की ते दांडगे गडी त्यांना उठवतात आणि स्वतः बसतात. बसले की लवकर उतरत नाहीत. परिणाम असा, की दिलेलं कॅल्शियम मुळीपर्यंत पोचत नाही आणि उठवलेलं मीठ मात्र मुळीपाशी येतं. म्हणून कोकोपीटमध्ये खत देऊनही रोप उपाशी दिसतं. यावर उपाय पेरणीच्या आधीचाच. वीट भिजवून गोड्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायची, मग ५ किलोच्या विटेला साधारण १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर ठेवायची, आणि सकाळी पुन्हा धुवून घ्यायची. धुतलेली वीट महाग मिळते, पण ज्या गटात हात कमी आहेत त्यांनी तीच घ्यावी, असं आमचं मत आहे.

बरं, पेरणी झाली, रोप वर आलं आणि पिवळं पडलं. तर पहिलं बघा, पिवळं कुठं आहे, खाली की शेंड्याला? सगळ्यात मोठी खूण हीच. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं रोपात फिरती असतात. कमी पडली की रोप जुन्या पानांतून काढून नव्याला देतं. घरातली आई करते तसंच. म्हणून यांची कमतरता खालच्या पानांवर दिसते. कॅल्शियम, लोह आणि बोरॉन जिथं बसले तिथंच राहतात, त्यामुळे ते कमी पडले की शेंडा बोलतो.

खालचं पान सगळंच्या सगळं फिकट, शिरासुद्धा, तर नत्र कमी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. पानाच्या कडा भाजल्यासारख्या, तर पालाश कमी असू शकतं, पण कोकोपीटमध्ये पालाश सहसा कमी पडत नाही, तिथं आम्हांला आधी मिठाचा संशय येतो. शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी, तर लोह. शेंड्याची पानं वेडीवाकडी, टोकं करपलेली, तर कॅल्शियम. थंडीत टोमॅटोच्या पानाची खालची बाजू जांभळी होते. ती स्फुरदाची खूण, पण गारठ्यात मुळीच स्फुरद उचलत नाही. ऊन वाढलं की बहुतेक वेळा आपोआप सुटतं. त्यासाठी पैसे घालवू नका. आणि अगदी तळाची दोन दलपत्रं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिवळी झाली तर काळजी नको, त्यांचं काम झालेलं असतं.

दुसरं, रोप कप्प्यातून उपसून मुळी बघा. पांढरी मुळी असेल तर रोपात जीव आहे. मुळी तपकिरी, बुळबुळीत, वास येतोय, तर पाणी जास्त झालंय. अशा रोपाला कितीही खत द्या, ते खाणार कशानं? कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं आणि आत चिंब असतं. बोट खुपसून बघा, ट्रे उचलून वजन बघा. सकाळी एकदा व्यवस्थित पाणी, आणि संध्याकाळी हात लावून गरज वाटली तरच. ही सवय लागली की अर्धे पिवळे ट्रे कमी होतात.

तिसरं, पाणी. आपल्याकडच्या बऱ्याच विहिरींचं पाणी जड आहे. हंड्याच्या आत पांढरा थर धरतो ना, तेच पाणी आपण रोपाला घालतो. कोकोपीटमध्ये सामू साडेपाच ते साडेसहा असला तर रोपाला सगळं मिळतं. जड पाण्यानं तो चढत जातो, आणि लोह असूनही मुळीला उचलता येत नाही. तेव्हा नुसतं लोह देत राहण्यापेक्षा पाणी तपासून घ्या, कृषी विज्ञान केंद्रात तपासून मिळतं. पाण्याचा सामू आम्ल घालून उतरवतात, पण ते तिथल्या जाणकाराला विचारूनच, अंदाजानं नाही. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर रोपांसाठी राखून ठेवा.

मध्यंतरी शेजारच्या गावच्या बायका मिरचीचे चार ट्रे टेम्पोत घालून आमच्याकडे आल्या. पंचवीस दिवसांची रोपं, खालच्या पानांच्या कडा तपकिरी, शेंडा फिकट. दुकानदारानं सूक्ष्म अन्नद्रव्य सांगितलं होतं, दोन फवारे झाले, आणि कडा आणखीच भाजल्या. आम्ही ट्रेवर साधं पाणी घातलं, खाली निथळलेलं पाणी ताटलीत धरलं आणि त्यात ईसी मीटर बुडवला. ईसी म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत त्याचा आकडा. कोवळ्या रोपाला एकच्या आसपास ठीक, दोनच्या वर त्रास. तो तीनच्या वर गेला. वीट न धुता भरलेली, त्यात विहिरीचं जड पाणी, आणि वर दुप्पट खत. म्हणजे रोप उपाशी नव्हतं, खारट पाण्यात बसलं होतं. त्यावर आणखी खत म्हणजे जखमेवर अक्षरशः मीठ. सगळे ट्रे गोड्या पाण्यानं दोन दिवस सकाळी धुवून काढले. मग लिटरला १ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटची एक आळवणी, आणि पुढं आठवडाभर हात आवरला. भाजलेली पानं परत हिरवी होत नाहीत, सुधारणा नव्या पानावर बघायची. आठव्या दिवशी नवं पान स्वच्छ निघालं. काही रोपं गेलीच, आणि शेतकऱ्याला ट्रे आठवडाभर उशिरा मिळाले, पण मिळाले. असा मीटर एका गटाला परवडत नसेल तर दोन-तीन गटांनी मिळून घ्यावा.

खत द्यायचंच ठरलं तर थोडं सांगतो. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला ३ ग्रॅमपर्यंत, पेरणीनंतर बाराव्या दिवसाच्या सुमारास आणि पुन्हा विसाव्याच्या आसपास. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुळीच नसतं, हे लक्षात ठेवा. पण म्हणून कॅल्शियम नायट्रेट त्याच बादलीत टाकू नका, तळाला चुन्यासारखा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. त्याची आळवणी वेगळ्या दिवशी. मॅग्नेशियम सल्फेटही कॅल्शियमच्या बादलीत नको. लोहासाठी चिलेटेड लोह घ्या, साधं हिराकस जड पाण्यात टिकत नाही. आणि काहीही द्यायचं ते आधी एका ट्रेवर द्या, दोन-तीन दिवस वाट बघा, मग बाकीच्यांना.

मिरचीचा शेंडा गोळा झाला, पानं वर किंवा खाली वळली, तर तो बोकड्या असू शकतो. फुलकिडे आणि कोळी त्याला कारण. तिथं खताचा उपयोग नाही. पान उलटं करून भिंगातून बघा, पांढऱ्या कागदावर झटका, बारीक किडे पळताना दिसतात. त्यावर पुढच्या गुरुवारी बोलू. येताना पिवळ्या रोपाचा मोबाईलवरचा फोटो नको, रोपच आणा, मुळीसकट, आणि बाटलीभर तुमच्या विहिरीचं पाणी.