काठावरचा निकाल आणि संमिश्र सरकार



चालकांनी मला विषय दिला तो अटीतटीच्या लोकसभा निवडणुकीचा आणि तिच्यातून जन्मणाऱ्या संमिश्र सरकारचा. विषय दिल्लीचा खरा. पण त्याचा विचार धाराशिवात बसून करावयाचा आहे. तेव्हा आपल्या मतदारसंघापासूनच आरंभ करतो.

२००४ साली हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. त्या वर्षी शिवसेनेच्या कल्पना नरहिरे यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे लक्ष्मण ढोबळे यांचा पराभव केला, तो दोन हजारांच्या आतल्या मतांनी. दोन हजार मते म्हणजे काय? एका मोठ्या गावाचे मतदान. पुढे २००९ साली मतदारसंघाची फेररचना झाली, तो खुला झाला, आणि राष्ट्रवादीचे पद्मसिंह पाटील शिवसेनेच्या रवींद्र गायकवाडांवर ६,७८७ मतांनी विजयी झाले. लागोपाठ दोन निवडणुकांत हा जिल्हा तराजूच्या काट्यासारखा हलला, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला.

आपल्याकडे जे घडले तेच २००४ साली साऱ्या देशात घडले. महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी सेना-भाजप युतीला २५ आणि काँग्रेस, राष्ट्रवादी व रिपब्लिकन यांच्या आघाडीला २३. देशात काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८. बहुमताला लागतात २७२. म्हणजे कोणालाही एकट्याने राज्य करण्याचा परवाना लोकांनी दिला नव्हता. त्याच्या पाच वर्षे आधी, १७ एप्रिल १९९९ रोजी, वाजपेयींचे सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असे अवघ्या एका मताने पडले होते. एक मत वाया गेले तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्याला याहून चोख उत्तर नाही.

अशा वेळी जे सरकार बनते त्याला आपल्याकडे उपहासाने 'कडबोळे' म्हणतात. कडबोळे हातात घेतले की मोडते, असा त्यातला भाव. हा आक्षेप तपासून पाहू. १९९६ ते १९९९ या काळात सरकारे भराभर पडली हे खरे. पण १९९९ नंतरच्या सरकारने जवळजवळ पूर्ण मुदत काढली. २००४ चे पाच वर्षे चालले. २००९ चेही चालले. तिन्ही संमिश्र होती. उलट १९७७ साली जनता पक्षाला एकट्याला स्पष्ट बहुमत होते आणि मोरारजीभाईंना जुलै १९७९ मध्ये राजीनामा द्यावा लागला. तेव्हा सरकार टिकते की मोडते हे पक्षांच्या संख्येवरून ठरत नाही. ते कशावरून ठरते?

याचे उत्तर आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करतो. दोघांचे मिळून औत होते. पण शहाणा माणूस सावड करताना आधी बोलून घेतो: वाफसा आला की पहिली पेरणी कोणाच्या रानात, बैलांना वैरण कोणी घालायची, एखाद्याचा बैल बसला तर काय करायचे. हे मृगाआधी ठरले तर सावड सुगीपर्यंत निभावते. न ठरवता औत जुंपले तर ऐन वाफशाला बांधावर भांडण होते, आणि दोघांचीही राने पडीक राहतात. संमिश्र सरकार ही सावड आहे. तिचे सारे सार आधीच्या बोलीत आहे.

आता २००४ ची बोली कशी झाली ते पाहा. काँग्रेस आणि डावे पक्ष केरळात व बंगालमध्ये एकमेकांविरुद्ध लढले होते. निकालानंतर डाव्यांनी बाहेरून पाठिंबा दिला. तत्त्वाच्या दृष्टीने यावर बोट ठेवता येईल; एकाविरुद्ध मागितलेले मत त्याच्याच पाठीशी उभे केले, असे मतदार म्हणू शकतो. परंतु त्या मंडळींनी एक गोष्ट केली. मे २००४ मध्ये किमान समान कार्यक्रम कागदावर लिहून काढला आणि तो जाहीर केला. ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवस कामाची हमी देणारा कायदा करू, असे त्यात लिहिले होते. माहितीच्या अधिकाराचा कायदा अधिक परिणामकारक करू, असेही होते. २००५ साली दोन्ही कायदे झाले.

रोजगाराची हमी ही कल्पना आपल्याला नवी नव्हती. १९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या माणसांनी खडी फोडून दिवस काढले. वि. स. पागे यांच्या विचारातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आपल्या दुष्काळी माळावर जे शिकलो ते २००५ साली देशाचा कायदा झाले, आणि ते घडवून आणले एका संमिश्र सरकारने.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. ज्या मतदारसंघाने त्या सरकारविरुद्ध खासदार पाठविला होता, त्या आपल्या मतदारसंघातल्या मजुरालाही तो कायदा लागू झाला. तुझे मत कोणाला होते, असे त्याला कोणी विचारले नाही. ही लिखित आणि सर्वांसाठी असलेल्या बोलीची थोरवी आहे. त्याच सरकारला अणुकराराचा तंटा मात्र सोडविता आला नाही, कारण तो करार कार्यक्रमाच्या कागदानंतरचा होता. डाव्यांनी पाठिंबा काढला आणि २२ जुलै २००८ रोजी सरकारला २७५ विरुद्ध २५६ असा विश्वास नव्याने मिळवावा लागला. कागदावर होते तेथवर सावड चालली. कागद संपला तेथे भांडण झाले.

तोंडी बोलीचे काय होते हे पाहावयास दिल्लीला जाण्याचेही कारण नाही. २०१९ साली भाजप आणि शिवसेना लोकसभा व विधानसभा एकत्र लढल्या. निकाल लागल्यावर एक पक्ष म्हणाला, मुख्यमंत्रिपद अर्धे-अर्धे ठरले होते. दुसरा म्हणाला, असे काही ठरलेच नव्हते. खरे कोण, हे मतदाराने कोणत्या कागदावर तपासावे? कागदच नव्हता. त्या एका न लिहिलेल्या वाक्यातून पुढे पक्ष फुटले, चिन्हे गेली, युत्या उलट्या झाल्या.

त्याचे पडसाद आपल्याच मतपत्रिकेवर उमटले. २०१९ साली ओमप्रकाश राजेनिंबाळकर हे भाजपबरोबरच्या युतीचे उमेदवार म्हणून, राष्ट्रवादीच्या राणाजगजितसिंह पाटलांविरुद्ध, सव्वा लाखाहून अधिक मतांनी निवडून आले. ७ मे २०२४ रोजी आपण पुन्हा मतदानाला गेलो तेव्हा तेच राजेनिंबाळकर भाजपच्या विरोधी आघाडीत होते, आणि भाजपच्या मित्रपक्षाकडून अर्चना पाटील उभ्या होत्या. घराणी तीच, बाजू फिरलेल्या. निकाल ३,२९,८४६ मतांच्या अंतराने लागला.

गंमत अशी, की आपल्याकडे निकाल इतका एकतर्फी असताना देशात तो काठावरचा होता. भाजपला २४०, त्याच्या आघाडीला २९३. तेलुगू देसमच्या १६ आणि संयुक्त जनता दलाच्या १२ जागांना एकाएकी मोल आले. ही आघाडी निवडणुकीपूर्वी जाहीर झालेली होती, तेव्हा मतदाराची फसवणूक झाली असे कोणी म्हणू शकणार नाही. पण २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आंध्रच्या राजधानीसाठी १५,००० कोटी रुपयांची आणि बिहारसाठी अनेक कामांची घोषणा झाली. मराठवाड्याच्या आठ जागांपैकी सात विरोधी बाकांवर गेल्या होत्या.

तेव्हापासून पारावर एक विचार ऐकू येतो: आपण सत्तेच्या बाजूने गेलो असतो तर कृष्णेचे पाणी लवकर आले असते, तुळजापूरची रेल्वे लवकर धावली असती. हा विचार मला घातक वाटतो. मतदाराने कोण जिंकणार याचा अंदाज बांधून मत द्यावे, म्हणजे मत हा सट्टा झाला. शिवाय आंध्र आणि बिहार यांना तरी मिळाले ते कशाच्या बळावर? निकाल काठावर लागला या योगायोगाच्या बळावर. उद्या अंतर वाढले की ते मोल उतरेल. सौद्याने मिळालेले सौदा करणाऱ्यालाच मिळते आणि सौदा टिकेल तोवर टिकते. कायद्याने मिळालेले हरलेल्यालाही मिळते. आपल्यासारख्या कमी पावसाच्या, एका खासदाराच्या जिल्ह्याचे हित दुसऱ्या प्रकारात आहे. सौद्याच्या बाजारात आपले वजन नेहमीच थोडे राहणार.

मग आपण करावे काय? निवडणुकीच्या आधी प्रत्येक उमेदवाराला गावच्या चावडीवर तीन प्रश्न विचारावेत. आपला पक्ष कोणाबरोबर बसणार? ज्याच्याबरोबर बसणार त्याच्याशी काय ठरले आहे, आणि ते लिहिलेले आहे काय? निकालानंतर बाजू बदलावी लागली तर परत येऊन आम्हांला कारण सांगणार काय? उत्तर टाळणारा आपला असो वा परका, त्याला पुन्हा विचारावे. हे काम फुकटाचे आहे. त्याला पक्ष लागत नाही की पैसा लागत नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीने १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य संपलेले पाहिले आणि तीनच वर्षांनी सुरू झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, हैदराबाद राज्याचे नागरिक म्हणून, आयुष्यातले पहिले मत टाकले. मत देण्याचा हक्क त्यांनी मिळविला. त्या मताचा करार वाचून घेण्याचे काम आपल्याकडे आले आहे. पुढची निवडणूक एकतर्फी होईल की काठावरची, हे मला सांगता येत नाही. पण सावडीची बोली मृगाआधी होते, एवढे लक्षात ठेवावे, इतकीच माझी आपणांस विनंती आहे.