डोळे उघडणारा शिक्षक : जोसेफ आल्बर्स
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वानांची व्याख्याने होतात. आम्ही केवळ मॅट्रिक झालेले, छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजवून निवृत्त झालेले एक सामान्य शिक्षक. तेव्हा आपल्या कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, हा त्यांच्या मनाचा मोठेपणा होय. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘एका जर्मन चित्रकाराचे चरित्र’ असे सांगितले, आणि त्यांच्या मुद्रेवरचा विस्मय आमच्या नजरेतून सुटला नाही. शिंप्यांच्या संमेलनात जर्मन चित्रकाराचे काय काम, असा प्रश्न आपल्याही मनात आला असेल. आमचे बोलणे संपेपर्यंत त्याचे उत्तर आपणांस मिळावे, अशी आमची इच्छा आहे.

आपले आराध्य संतश्रेष्ठ नामदेवमहाराज पंढरीहून निघून दूर पंजाबात गेले. मुलूख परका, भाषा परकी. तरीही त्या लोकांनी त्यांना आपले मानले, आणि त्यांची 61 पदे शिखांच्या पवित्र ग्रंथात आदराने समाविष्ट झाली. गज आणि कात्री ही आपल्या धंद्याची हत्यारे महाराजांनी आपल्या पदांत भक्तीच्या कामी लावली. आपला धंदा त्यांनी लपविला नाही. आज आम्ही ज्या गृहस्थाविषयी बोलणार आहोत तो संत नव्हे, आणि तशी तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु परक्या मुलखात बापाच्या धंद्याचे कसब हेच ज्याच्या उपयोगी पडले, असा तोही एक मनुष्य होता.

जोसेफ आल्बर्स यांचा जन्म 19 मार्च 1888 रोजी जर्मनीतील बोट्रोप या कोळशाच्या खाणींच्या गावी झाला. वडील घरांना रंग देण्याचा धंदा करीत. साध्या लाकडावर संगमरवराचा भास होईल असे रंगकाम, काचेवरची नक्षी, दारेखिडक्या रंगविणे ही सारी कामे मुलगा बापाच्या हाताखाली शिकला. पुढे अध्यापनाचे शिक्षण घेऊन 1908 ते 1913 ही पाच वर्षे त्यांनी प्राथमिक शाळांत शिक्षकाची नोकरी केली. हे वाचले तेव्हा त्या परक्या मनुष्याविषयी आम्हांस एकाएकी आपलेपणा वाटला. त्यानंतर बर्लिन येथे त्यांनी चित्रकला शिक्षकाची परीक्षा दिली आणि 1920 साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, वायमार येथील ‘बाउहाउस’ या नव्या कलाशाळेत ते पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाले. ज्या वयात आपल्याकडे माणूस संसारात बुडालेला असतो त्या वयात पाटी कोरी करून बसावयाचे, यास धैर्य लागते.

तेथे त्यांच्यापाशी रंगसाहित्य घेण्यापुरतेही पैसे नव्हते. तेव्हा हातोडा आणि पाठीवरची झोळी घेऊन ते गावच्या उकिरड्यावर जात, फुटक्या बाटल्यांचे तळ व रंगीत काचा गोळा करीत, आणि तारेने व जस्त-शिशाच्या पट्ट्यांनी जोडून त्यांची चित्रे करीत. गुरुजनांनी त्यांना भिंती रंगविण्याच्या कार्यशाळेत जाण्यास सांगितले होते. पण हे मानले नाहीत. वर्षअखेर गुरुजनांनी त्या काचा पाहिल्या, आणि शाळेतून काढून टाकण्याऐवजी काचकामाची कार्यशाळा उभारण्याचे काम त्यांच्यावरच सोपविले! 1923 पासून ते तेथेच नव्या मुलांना शिकवू लागले. 1925 साली त्यांनी ॲनी यांच्याशी विवाह केला. या बाई हातमागावर विणकाम करणाऱ्या, आणि पुढे त्याच कलेत जगप्रसिद्ध झालेल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने 1949 साली त्यांच्या विणकामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. हा मान तेथे मिळालेल्या त्या पहिल्याच विणकर होत. वस्त्राशी नाते सांगणाऱ्या आपल्या समाजाने हे नाव अवश्य ध्यानात ठेवावे.

आल्बर्स शिकवीत कसे, ते सांगतो. त्यांच्या एका विद्यार्थ्याने लिहून ठेवलेली हकीकत आहे. पहिल्या तासाला ते वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आले, मुलांना वाटला, आणि यातून काही करा परंतु कागदाचा स्वभाव ओळखून करा, वाया घालवू नका, असे सांगून निघून गेले. परत आले तो कोणी किल्ला केला आहे, कोणी गलबत, कोणी प्राणी. त्यांनी ते सारे बाजूस सारले. ही कामे दुसऱ्या पदार्थात अधिक चांगली होतील, कागदाच्या अंगचे यात काय आहे, असा त्यांचा प्रश्न. मग त्यांनी एक अगदी साधी वस्तू उचलली. एका मुलाने कागदास उभी घडी घालून तो पंख्यासारखा उभा केला होता, इतकेच. मऊ कागद घडीने ताठ होतो, ही गोष्ट त्या मुलास दिसली होती. मलमल घरंगळते, खादी उभी राहते, तिरपा कापलेला कपडा ताणतो, हे ज्यांच्या बोटांना ठाऊक आहे त्यांस हा धडा समजण्यास कठीण नाही.

1933 साली जर्मनीत नाझींची सत्ता आली आणि त्यांच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडले. आल्बर्स यांची नोकरी गेली. ॲनीबाईंचे घराणे ज्यू वंशाचे, त्यामुळे देशात राहणेही धोक्याचे होते. त्याच सुमारास अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डोंगराळ भागात ब्लॅक माउंटन कॉलेज नावाची एक लहानशी संस्था निघत होती. तिचे बोलावणे आले आणि नोव्हेंबर 1933 मध्ये हे दांपत्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले. आल्बर्स तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. इंग्रजी भाषा त्यांस जवळजवळ येत नव्हती. पत्नीला येई, म्हणून प्रारंभी तीच दुभाषी. येथे काय शिकविणार, असे विचारले असता त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत, डोळे उघडावयास शिकवीन, अशा अर्थाचे उत्तर दिले.

शिक्षकाची भाषाच हिरावून घेतली, तर त्याच्यापाशी उरते काय? आम्हांस तर भाषेवाचून एक तास घेणे जमले नसते. आल्बर्स यांच्यापाशी मात्र हात उरले, डोळे उरले, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी 1949 पर्यंत त्या कॉलेजात शिकविले. 1939 साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. स्वभावाने ते कडक होते; त्यांच्या टीकेने पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी येई. रॉबर्ट रॉशनबर्ग हा पुढे नामांकित झालेला चित्रकार त्यांच्या वर्गात वारंवार बोलणी खाई. तरीही आपल्यास लाभलेला सर्वांत महत्त्वाचा शिक्षक हाच, असे तो पुढे सांगत असे.

त्यांच्या आणखी एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. रूथ असावा ही अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी शेतकऱ्याची मुलगी. दुसऱ्या महायुद्धात केवळ जपानी वंशाची म्हणून ती कुटुंबासह छावणीत स्थानबद्ध झाली. तिला शिक्षिका व्हावयाचे होते. परंतु जपानी मुलीस कोणतीही शाळा अध्यापनाच्या सरावासाठी घेईना. ती 1946 साली आल्बर्स यांच्याकडे आली. तारेचे वेटोळे वेटोळ्यात गुंफून तिने ज्या मूर्ती केल्या त्या आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. आणि जिला शाळांनी दारे लावली त्याच स्त्रीने पुढे सॅन फ्रान्सिस्को शहरातील शाळांत मुलांच्या हाती माती, कागद, रंग यावेत म्हणून वर्षानुवर्षे झटून काम केले. 2010 साली तेथील एका सार्वजनिक कलाविद्यालयास तिचेच नाव देण्यात आले.

1950 साली आल्बर्स येल विद्यापीठात गेले. तेव्हा त्यांचे वय बासष्ट, म्हणजे आपल्याकडे पेन्शन घेऊन देवळाच्या ओट्यावर बसण्याचे. त्याच सुमारास त्यांनी ‘चौरसास वंदन’ अशा अर्थाच्या नावाची चित्रमाला आरंभिली. एकात एक बसविलेले तीन किंवा चार चौकोन, एवढेच चित्र. बदलतात ते फक्त रंग. अशी दोन हजारांहून अधिक चित्रे त्यांनी 1976 साली मृत्यू येईपर्यंत काढली. रंग नळीतून काढावा, पातळ न करता सुरीने फळीवर पसरावा, आणि मागच्या बाजूस कोणता रंग कोठे लावला ते नोंदून ठेवावे, हा त्यांचा शिरस्ता. रंगकामाचा आरंभ मधल्या चौकोनापासून. असे का, तर दार रंगविताना मधून बाहेर यावे म्हणजे ओघळ सावरता येतो व बाह्या मळत नाहीत, हे त्यांच्या वडिलांनी शिकविले होते, असे ते सांगत. बंधूंनो, विद्यापीठाचा प्राध्यापक झाल्यावरही या मनुष्याने घरे रंगविणारा बाप लपविला नाही. 1971 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे समग्र प्रदर्शन भरविले. हयात असलेल्या चित्रकारास तेथे मिळालेला तो पहिलाच असा मान होता.

त्यांचा रंगविषयक ग्रंथ 1963 साली प्रसिद्ध झाला. आमच्या पुतणीने तो आम्हांस आणून दिला आणि शब्दकोश जवळ घेऊन आम्ही तो हळूहळू वाचला. त्याचे सार असे की, कोणताही रंग एकटा दिसत नाही. शेजारचा रंग त्यास बदलून टाकतो. आपण घरी जाऊन हा प्रयोग करावा. एकाच राखी कापडाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक काळ्यावर ठेवावा, दुसरा पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ दिसेल, पांढऱ्यावरचा गडद. हे दोन्ही तुकडे एकाच ताग्यातले, यावर डोळ्यांचा विश्वास बसणार नाही.

हे वाचताना आमचे वडील आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. ते दोऱ्याचे रीळ पाहून कधी दोरा निवडीत नसत. एक पदर ओढून कापडावर आडवा ठेवीत, दुकानाबाहेर उजेडात येऊन पाहत, आणि मगच मशीनवर चढवीत. रिळावर दोरा गडद भासतो, शिवणीत फिका, हे त्यांस कोणत्या ग्रंथाने शिकविले नव्हते. त्याच ग्रंथात आल्बर्स विद्यार्थ्यांना सांगतात की, रंगपेटी नको. छापखान्यातली, पुस्तकबांधणीवाल्याकडची कागदाची कात्रणे गोळा करा, त्यावर अभ्यास करा. तेथे आम्ही पुस्तक मिटले.

त्याचे कारण आज सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या सहावीच्या वर्गात रंगकामाचा तास होता. आपल्याच ज्ञातीतील एका मुलापाशी रंगपेटी नव्हती. त्याने वडिलांच्या दुकानातील कात्रणे खळीने वहीत चिकटवून फुलझाडाचे चित्र केले होते. आम्ही ती वही सर्वांस दाखवून म्हणालो, “हा चित्रकलेचा तास आहे, शिंप्याचे दुकान नव्हे!” वर्ग हसला. मुलगा खाली बसला आणि त्यानंतर आमच्या तासाला त्याने मान वर केली नाही. सातवीनंतर त्याने शाळा सोडली. ती आमच्याच शब्दांनी सोडली असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते शब्द आमचे होते, आणि ते उच्चारणारा स्वतः शिंप्याचा मुलगा होता. आपल्या बापाचा धंदा वर्गास कळू नये, ही लाज त्या शब्दांच्या मुळाशी होती. उकिरड्यावरच्या काचा आणणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच्या गुरुजनांनी कार्यशाळा दिली. आम्ही कात्रणे आणणाऱ्यास हसे दिले. तो गृहस्थ या सभेत असेल तर आम्ही त्याची जाहीर क्षमा मागतो.

आता शेवटची विनंती. आपल्या संघाच्या शिष्यवृत्त्या इंजिनियरिंग, वैद्यकी आणि वाणिज्य या शाखांस मिळतात. ते योग्यच आहे. परंतु दोन वर्षांपूर्वी चित्रकला-शिक्षकाच्या पदविकेसाठी एका मुलीचा अर्ज आला, तेव्हा चित्रे काढून पोट भरते काय, असे म्हणून तो बाजूस ठेवण्यात आला. त्या समितीत आम्ही होतो, आणि गप्प होतो. यापुढे दरसाल एक शिष्यवृत्ती चित्रकला किंवा हस्तकौशल्य शिकणाऱ्या मुलामुलीसाठी राखून ठेवावी, असा आमचा प्रस्ताव आहे. पहिल्या शिष्यवृत्तीची निम्मी रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. उरलेली निम्मी आपण द्यावी.

आपल्या पिढीने गज-कात्री खाली ठेवली आणि लेखणी हाती घेतली. त्यात वाईट काहीच नाही. मात्र वडिलांच्या बोटांत जी दृष्टी होती ती कात्रणांबरोबर झाडून टाकू नये, एवढेच आमचे मागणे.